भोंगा उलटा धरला तेव्हा

मी भोंगा बोलतोय. दचकलात? मोठ्यानं बोलायची खोडच आहे हो मला! बर्लिनच्या एका पत्रेवाल्यानं दुधाच्या कॅनच्या उरलेल्या पत्र्यातून मला ठोकून काढलं. आर्नुल्फ टेस्मर या दिग्दर्शकानं मला विकत घेतलं आणि त्या दिवसापासून मला क्षणाची उसंत मिळाली नाही.

तो मूकपटांचा काळ. पडद्यावर सगळी मुकी, पण चित्रण चालू असताना काय तो गलका! एकीकडे सुतारांची ठोकाठोक, दुसरीकडे नायिकेला रडू यावं म्हणून बसवलेला व्हायोलिनवाला, आणि मधोमध आर्नुल्फ माझ्यातून ओरडतोय, "आल्विने, दाराकडे बघ! घाबर! अगं, आणखी घाबर!" आल्विने त्याची नायिका. अकरा चित्रपट ती आमच्या हुकमावर हसली, रडली, मेलीसुद्धा. आर्नुल्फचं नाव झालं, तरुण दिग्दर्शक त्याची नक्कल करू लागले. मला वाटायचं, हे सगळं माझ्याच जोरावर. गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही खोटं नाही.

कारण बोलपट आला. स्टुडिओच्या भिंतींना जाड गाद्या लागल्या, व्हायोलिनवाल्याला निरोप मिळाला. पहिल्याच दृश्यात आर्नुल्फनं सवयीनं मला तोंडाला लावलं. "आल्विने, रड!"

आवाज टिपणारा काचेच्या खोलीतून डोकावला. "साहेब, ही विधवा घरात एकटी आहे ना? मग ओरडलं कोण, नवऱ्याचं भूत?"

सगळे खो खो हसले. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. कंपनीचे मालक उठून म्हणाले, "टेस्मर, ही शेवटची खेप. पुन्हा तोंड उघडलंत तर चित्रपट दुसऱ्याकडे देईन."

आल्विने रडकुंडीला आली. "अहो, तुम्ही सांगितलं नाहीत तर कधी रडायचं ते मला कळणार कसं?"

"मला तरी कुठं कळतंय?" आर्नुल्फ म्हणाला. "पण शिकेन. हे काम मी सोडणार नाही, मेलो तरी नाही."

दृश्य सुरू झालं. त्याचा हात मला घेऊन वर गेला. मी मनात म्हणालो, मेलो, बोलला हा! पण त्यानं ओठ घट्ट मिटले, मला उलटं फिरवलं आणि माझं निमुळतं तोंड कानाला लावलं.

आल्विने खुंटीवरच्या नवऱ्याच्या कोटाजवळ गेली. रडली नाहीच. कोटाचं बटण लावत हळूच म्हणाली, "थंडी आहे रे बाहेर."

अकरा चित्रपटांत तिचा आवाज मी कधी नीट ऐकलाच नव्हता. आर्नुल्फच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढं त्यानं आणखी सात बोलपट केले, दरवेळी मला कानाशी धरून.

आता आर्नुल्फ नाही. माझ्या कडेला पोचा आहे, आतून गंज चढलाय. मी आल्विनेकडे असतो. तिला हल्ली कमी ऐकू येतं. कुणी भेटायला आलं की ती मला कानाला लावते नि म्हणते, "बोला, ऐकतेय मी."

तेव्हा मला एवढ्यात मोडीत काढू नका.