जपून ठेवलेलं पाणी

गुलनाजला आयुष्यात एकच गोष्ट धड येते, यावर तिच्या सासरचं एकमत होतं. ती म्हणजे पाणी पुरवणं. सोलापुरात त्यांच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, कधी सहाव्या. तेवढ्या दिवसांत दोन पिंपं आणि चार घागरींवर घर चालवायचं, तर बाईचा हात आखडता लागतो. गुलनाजचा असा आखडता होता की भाजी धुतलेलं पाणी आधी फरशीला जायचं आणि मग संडासात. तिचा ट्रक चालवणारा नवरा पाहुण्यांना मिशीवर हात फिरवत सांगायचा, आमच्या घरात पाणी कधी संपलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला. तेव्हापासून घरातलं सगळं थोरले दीर इमामसाब दुधनीला बसून फोनवर ठरवायचे. पोरीची शाळा, पोरीचा क्लास, गुलनाजनं माहेरी किती दिवस राहायचं, सगळं. माणूस वाईट नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. यंदा त्यांनी ठरवलं की जूनपासून अजीजा दुधनीला त्यांच्याकडं राहील. पोर तेरा वर्षांची झाली, तुला एकटीला जमायचं नाही, असं ते अगदी मायेनं म्हणाले. गुलनाजला ‘जमेल’ हा शब्द तोंडातून काढता आला नाही. फोन ठेवल्यावर ती पिंपाशी जाऊन रडली.

त्याच आठवड्यात अजीजानं शाळेतून एक कागद आणला. एक संस्था कुंभारीच्या पलीकडच्या माळावर आई-मुलींचं तीन दिवसांचं शिबिर घेणार होती. उघड्या रानात हरवलं तर कसं तगायचं, हे प्रत्यक्ष करून शिकवणार होते. आत्मविश्वास वाढेल असं खाली ठळक छापलं होतं. गुलनाजनं कुणालाही न विचारता सही केली. लग्नानंतर पंधरा वर्षांत अशी ही पहिलीच सही. इमामसाबना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. जा म्हणाले, फक्त पोरीला काही झालं, तर त्या दिवसापासून ती माझ्याकडं.

माळावर शिकवायला म्हाळसाबाई होती. साठीची धनगरीण, हाडं वर आलेली, आवाज मात्र भोंग्यासारखा. संस्थेची रुद्राणी नावाची मुलगी वहीतून वाचून दाखवायची आणि म्हाळसाबाई ते करून दाखवायची. सावलीवरून दिशा कशी ओळखायची, शिट्टी तीनदाच का वाजवायची, वाट चुकली तर जागा का सोडायची नाही. दुसऱ्या दिवशी उन्हानं धापा टाकणारी एक मेंढी तिनं सगळ्यांसमोर आडवी पाडली. बेशुद्ध जीवाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते छातीत जातं. पाणी अंगावर ओतायचं आणि वारा घालायचा, असं सांगून तिनं तांब्या गुलनाजच्या हातात दिला. गुलनाजनं ओंजळीत पाणी घेऊन चार थेंब शिंपडले. “आगं, तीर्थ देतीस का काय?” म्हाळसाबाई म्हणाली आणि सगळ्या बाया हसल्या. गुलनाजही हसली, पण एवढं पाणी जमिनीत मुरवायला तिचा हात वळेना. तिच्या वाटचं पाणी शेवटी म्हाळसाबाईनंच ओतलं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा होती. पहाटे सहाला आई-मुलीच्या जोडीनं निघायचं, ओढ्याच्या कडेनं टेकडीवरच्या भगव्या निशाणापर्यंत जायचं आणि नऊच्या आत परत यायचं. फोन संस्थेकडं जमा. जवळ एक शिट्टी आणि प्रत्येकीची दोन लिटरची एक बाटली. निघताना म्हाळसाबाईनं प्रत्येकीला बजावलं, “पाणी पोटात न्ह्यायचं बाई, बाटलीत न्हाय. तहान लागायच्या आधी प्यायचं.” गुलनाजनं मान हलवली, आणि थोडं पुढं गेल्यावर अजीजाच्या हातातली बाटली काढून आपल्या पिशवीत ठेवली. पाण्याचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ओढ्याला दोन फाटे फुटत होते. दोघी चुकीच्या फाट्यानं गेल्या. तासाभरानं निशाण दिसेना, तेव्हा तिथंच थांबायला हवं होतं. पण पहिल्याच परीक्षेत नापास व्हायचं म्हणजे इमामसाबच्या हातात कोलीत द्यायचं, असं गुलनाजला वाटलं, आणि ती चालत राहिली. एप्रिलचं ऊन नऊलाच चटके द्यायला लागलं. सगळीकडं तेच पिवळं गवत, तोच मुरूम, त्याच करपलेल्या बोराट्या.

“अम्मी, पानी,” अजीजा म्हणाली. गुलनाजनं टोपणभर दिलं. अजून किती वेळ लागेल माहीत नाही, जपून प्यायला हवं, असं समजावलं. दहाला पोरीनं पुन्हा मागितलं, तेव्हा त्या झाडापाशी पोचल्यावर देते म्हणाली. झाड आलं आणि गेलं. अकराला अजीजानं तिसऱ्यांदा मागितलं, तेव्हा गुलनाज खेकसली की पाणी संपलं म्हणजे काय होतं ते तुला कळत नाही. त्यानंतर पोरीनं मागितलं नाही. गुलनाजला वाटलं, शहाणी झाली.

थोड्या वेळानं अजीजा मागून काहीतरी बोलली. गुलनाज वळली. पोरीचा चेहरा लालभडक झाला होता आणि अंगावर घामाचा टिपूस नव्हता. ती आईकडं बघत होती आणि अब्बा, अब्बा म्हणत होती, ट्रकमधून उतरून घरी चला म्हणत होती. मग तिचे गुडघे मुडपले आणि ती मुरमावर कोसळली.

गुलनाजनं खांद्यावरची पिशवी खाली टाकली. पिशवीत जवळजवळ चार लिटर पाणी होतं. चार लिटर. तिनं ते पोरीपासून वाचवलं होतं. या एका कामात तिला कुणी नावं ठेवली नव्हती, आणि त्याच कामानं तिनं स्वतःच्या लेकराला मारायला घेतलं होतं.

तिनं पोरीला ओढत एका बाभळीखाली नेलं. बाभळीची सावली ती केवढी, चाळणीसारखी. तिनं स्वतःची ओढणी वरच्या काट्यांना अडकवली. अजीजाचं अंग तव्यासारखं भाजत होतं. बाटली उघडून ती पोरीच्या ओठांपाशी नेली आणि तिथंच हात थांबला. तोंडात नाही, अंगावर. पण आईचा जीव ऐकेना. पोरीनं तीनदा मागितलं होतं, आता तरी एक घोट देऊ दे, एकच. तिनं दात आवळून बाटली ओठांवरून बाजूला घेतली आणि गळ्यावर, छातीवर, पोटावर ओतायला लागली.

पहिली बाटली संपली. दुसरी अर्धी झाली आणि हात आपोआप सरळ झाला. बाटली उभी राहिली. अर्धं राहू दे, पुढं लागेल, असं तो हात म्हणत होता. पंधरा वर्षांची सवय ती, एका दुपारी कशी सुटणार? गुलनाज आपल्याच मनगटाकडं बघून ओरडली, शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या हातानं बाटली उपडी केली. अजीजाची ओढणी भिजवून तिच्या काखेत कोंबली. उरलेलं सगळं डोक्यावर ओतलं. मुरमानं ते चुर्रकन पिऊन टाकलं आणि आसपासच्या त्या सगळ्या माळावर आता दोघींसाठी एक थेंब राहिला नाही.

मग ती कुडत्याचा घेर धरून वारा घालत राहिली. तीन शिट्ट्या, वारा. तीन शिट्ट्या, वारा. ओठ फुटले, शिट्टीला रक्ताची चव आली. कुणी येत नव्हतं. पळत जाऊन माणूस गाठावा असं तिला शंभरदा वाटलं, पण पोरीला एकटी टाकून गेलं तर दोघीही सापडणार नाहीत, हे आता तिला पक्कं कळत होतं. अल्लाहला काय मागावं तेही सुचेना. फक्त हात चालत होते. किती वेळ गेला देव जाणे, अजीजाच्या पापण्या हलल्या आणि ती कण्हली. गुलनाज वारा घालता घालता हमसून रडली, पण वारा थांबवला नाही.

म्हाळसाबाई ओढ्याच्या वाळूतले पायांचे ठसे बघत बघत त्या चुकीच्या फाट्याला आली, तिथं तिला शिट्टी ऐकू आली. मागून रुद्राणी जीप घेऊन आली. संध्याकाळी पाचला अजीजा सोलापुरातल्या एका दवाखान्यात सलाइन लावून पडली होती, अशक्त, पण शुद्धीवर. इमामसाब दुधनीहून येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे होते. 

डॉक्टर बाई म्हणाल्या, अंग वेळेवर थंड केलं म्हणून पोरगी हाताला लागली. मग त्यांनी अजीजाला विचारलं, जवळ पाणी होतं तर प्यायली का नाहीस?

अजीजानं आईकडं बघितलं, मग मोठ्या अब्बांकडं, म्हणजे इमामसाबकडं. बारीक आवाजात म्हणाली, “अम्मी देत होती. मीच नको म्हटलं.”

गुलनाजला सुटका समोर दिसत होती. पोरीनंच दार उघडून दिलं होतं. नुसतं गप्प राहायचं, आणि गप्प राहण्यात तर तिचा हातखंडा होता.

“खोटं आहे,” ती म्हणाली. “हिनं तीनदा मागितलं. पाणी असून मी दिलं नाही.”

डॉक्टर बाई पुढच्या खाटेकडं गेल्या. इमामसाबनी कपाळावरून हात फिरवला. ही माणसं आपसात दखनीत बोलतात, ते मराठीत सांगायचं तर त्यांनी एवढंच विचारलं, “पोरगी तुझ्या बाजूनं बोलली होती. आता मी हिला नेणार, हे माहीत असून का सांगितलंस?”

“तेरा वर्षांच्या पोरीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, भाईजान, तर मग तीच मला सांभाळते. मी तिला नाही.” गुलनाज थांबली नाही. “तिला पाडलं मी. उठवलं पण मीच. यातलं एकच धरून निकाल लावू नका. ती माझ्याजवळ राहील.”

इमामसाबना असं कुणी घरातलं बोललेलं आठवत नसावं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग आठ दिवसांनी येतो म्हणाले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. येऊन नेणार की नुसतं भेटणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि गुलनाजनं विचारलं नाही.

दार लागलं. गुलनाज खाटेच्या कडेला बसली. अजीजा भिंतीकडं तोंड करून पडली होती. गुलनाजनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो पोरीनं झटकला. गुलनाजनं पुन्हा ठेवला. या खेपेला अजीजानं तो राहू दिला, पण आईकडं वळून बघितलं नाही.