आठवं भोक

नंदकुमारांना भोक म्हणून बघवत नसे. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. कालव्याच्या भरावात खेकड्यानं पाडलेलं बोटभर भोक दिसलं तरी ते ताटावरून उठत, आणि ते बुजेपर्यंत हाताखालच्या कुणाला टेकू देत नसत. अशा माणसाला मुलाच्या घरी आणून सोडायचं आणि त्या घराच्या भिंतींना तळाशी आठ भोकं असायची, म्हणजे पुढं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. पण अडवणार कोण? मुलगा अनिमेष कॉम्प्युटरवाला. ऑफिसात बसून चार देशांचे सर्व्हर सांभाळायचा, पण स्वतःच्या घराच्या जमिनीखाली काय आहे हे त्यानं कधी वाकून पाहिलेलं नव्हतं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नंदकुमार तेव्हा पहिल्यांदाच कराडहून आयर्लंडला आले होते. पोर्टलीशच्या बाहेरचं जुनं बैठं घर, लाकडी जमीन, ऑक्टोबरचा गारठा. ती जाळीची भोकं एकेका विटेएवढी होती आणि त्यातून वारा असा शिरायचा की फळ्यांच्या फटींतून पायांना झोंबायचा. त्यात एके सकाळी सूनबाईंना, म्हणजे अश्लेषाला, प्रेसमधल्या पोह्यांत उंदराच्या लेंड्या सापडल्या. इकडं कपाटाला प्रेस म्हणतात, हे नंदकुमारांना त्याच दिवशी कळलं. उंदीर कुठून येतो हे मात्र त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी सिमेंटची गोणी आणवली, थापी आणवली, आणि दोन दिवसांत सात भोकं बुजवली. नुसती बुजवली नाहीत, घोटून, कडा मारून, भिंतीचा रंग लावून अशी केली की भोक होतं हे सांगूनही पटू नये. आठवं भोक नातीच्या खिडकीखाली होतं. चार वर्षांची ज्ञानदा शेजारी उकिडवी बसून सगळं बघत होती. "मी टू, आजोबा," ती म्हणाली. आजोबांनी तिचं मनगट धरलं आणि तिचा पंजा ओल्या सिमेंटवर दाबला. खाली खिळ्यानं तिचं नाव लिहिलं, तारीख टाकली. या भोकाला रंग लावायचा नाही असं सर्वानुमते ठरलं. अनिमेषनं फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि दिवसभर अंगठे आणि नमस्कार येत राहिले.

घर खरंच उबदार झालं. "बाबा, या घरात पहिल्यांदा माझे पाय गरम झालेत," अश्लेषा म्हणाली होती. नंदकुमार ते वाक्य घेऊन कराडला परत गेले आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला त्यांनी ते एकदा तरी ऐकवलं.

आता जानेवारीत ते पुन्हा आले होते, पण कौतुक करून घ्यायला नाही. दिवाळीपासून ज्ञानदा तीनदा हॉस्पिटलात जाऊन आली होती. सहा वर्षांची पोर, पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालेली. खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. थांबला की श्वास शिट्टी मारायचा. निळा पंप, तपकिरी पंप, वाफेचं मशीन. डॉक्टर म्हणाले, घरात ओल आहे का बघा. ओल म्हणजे काय, होतीच. तिच्या खोलीत ओल्या पोत्याचा वास यायचा. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटायचे, अश्लेषा ते दर रविवारी ब्लीचनं पुसायची, आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा हजर. हवेतली ओल ओढणारं मशीन आणलं, त्याची टाकी दिवसातून दोनदा ओतावी लागायची. एवढं पाणी येतं कुठून, हे कुणाला कळत नव्हतं. नंदकुमारांनी आल्या आल्या खिडक्या लावून घ्यायला लावल्या, ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. पोरीला गारठ्यानं होतंय, ही त्यांची खात्री होती.

अश्लेषा आता कुणाचंच ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. पोरीच्या छातीवर हात ठेवून, घड्याळाकडं बघत ती श्वास मोजत बसायची. मिनिटाला पंचवीसच्या आत हवेत; किती झाले, ते प्रेसच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहायची. परवाच तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "मी हिला घेऊन पुण्याला जातेय. तू ये नाहीतर राहा. मला आता फक्त ही श्वास घ्यायला हवी आहे." नंदकुमार दारात उभे होते, त्यांनी ऐकलं आणि मागं फिरले.

मंगळवारी सकाळी अँब्युलन्स आली. कागदावर शेवटचा आकडा होता चाळीस. पोरीला उचलायला एक दांडगा माणूस पलंगाशी गेला आणि त्याचा बूट फळीतून खाली गेला. जमीन मोडली नाही, भिजलेल्या बिस्किटासारखी खचली. त्यानं पाय ओढून काढला, पोरीला खुर्चीत बसवलं, तोंडाला मास्क लावला. दारातून जाताना ज्ञानदानं आजोबांकडं बघून हात हलवला. "आय ॲम... ग्रँड... आजोबा," ती म्हणाली. मी मजेत आहे, एवढं सांगायला तिला तीन श्वास लागले. नंदकुमारांनी हसून मान डोलावली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर दाराची चौकट धरून उभे राहिले.

आईबाप दोघंही पोरीबरोबर गेले होते. जाता जाता अनिमेषनं सुताराला फोन केला होता. अकराच्या सुमारास डेक्लन आला. साठीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्यानं पलंग सरकवला, पहारीनं चार फळ्या उचलल्या, आत बॅटरी मारली आणि शिट्टी वाजवली.

नंदकुमार गुडघ्यांवर बसून आत वाकले. फळ्यांखाली दोन फुटांची पोकळी होती, आणि पोकळीच्या तळाशी नुसती उघडी, काळी, ओलीनं चकाकणारी माती. फळ्यांना पेलणाऱ्या तुळयांवरून थेंब गळत होते. भिंतीलगत कापसासारखी पांढरी बुरशी पसरली होती. आणि तो वास. नातीच्या उशीला येणारा, तिच्या स्वेटरला येणारा वास इथून येत होता.

त्यांच्या माहितीतल्या घराला जोतं असतं. जोत्यात मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, वर कोबा, वर फरशी. जमिनीखाली पोकळी म्हणजे ठेकेदाराची चोरी. फरशी पोकळ वाजली म्हणून त्यांनी बिलं अडवलेली होती, लोकांना पुन्हा खणायला लावलं होतं. दोन वर्षांपूर्वी ही जमीनसुद्धा पायाखाली पोकळ वाजली होती. "लेका, खाली मोकळं वाजतंय की रे," असं ते म्हणालेही होते. "वुडन फ्लोअर आहे बाबा, असंच वाजतं," असं अनिमेष म्हणाला, आणि दोन्ही इंजिनियरांचं समाधान झालं.

"व्हेंट कुठंयत?" डेक्लननं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो बाहेर गेला. नंदकुमार त्याच्यामागे गेले. बारीक पाऊस लागला होता. डेक्लन भिंतीच्या तळाशी हात फिरवत घराभोवती चालला. एका जागी थांबून त्यानं बोटानं टकटक केलं.

"हे बघ," तो म्हणाला. "जमिनीतून ओल वर येणारच. ती निघून जावी म्हणून ही भोकं ठेवलेली असतात. वारा एका बाजूनं शिरतो, दुसऱ्या बाजूनं ओल घेऊन निघतो. सत्तर वर्षं हे घर असं कोरडं राहिलं. मग कुठला तरी शहाणा आला आणि त्यानं याचं नाक दाबलं." त्यानं पुन्हा हात फिरवला. "काम मात्र सुरेख केलंय युअर मॅननं. आधीचा मालक असणार."

युअर मॅन म्हणजे इकडच्या बोलीत 'तो गडी'. तो गडी शेजारीच उभा होता. त्याला नुसती मान हलवायची होती. आधीचा मालक कुठंतरी स्पेनला जाऊन राहिला होता, तो काही उत्तर द्यायला येणार नव्हता. मुलाला कळलं नसतं, सुनेला कळलं नसतं, कराडला तर नाहीच नाही. खोटं कशाला सांगा, नंदकुमारांनी तेवढा विचार केला. पावसाचं पाणी मानेवरून कॉलरमध्ये गेलं तोवर केला.

"मी केलं," ते म्हणाले. "आय डिड इट. ऑल एट."

डेक्लननं त्यांच्याकडं बघितलं आणि मग दुसरीकडं बघितलं. व्हॅनमधून त्यानं छिन्नी आणि हातोडा आणून त्यांच्या हातात दिला. आधी भोकं उघडायची, मग मातीवर जाड प्लास्टिक अंथरायचं, म्हणजे ओल वर येणार नाही, मग कुजलेल्या तुळया बदलायच्या. आणि तोवर या खोलीत कुणीही झोपायचं नाही. प्लास्टिक आणायला तो निघाला तेव्हा नंदकुमारांनी त्याची बाही धरली.

"नात बरी होईल?"

"मी सुतार आहे," डेक्लन म्हणाला. "पण या खोलीत मी माझा कुत्रासुद्धा बांधला नसता."

सत्तरीच्या माणसानं पावसात गुडघे टेकून सात भोकं फोडली. स्वतःचं काम किती पक्कं होतं हे त्यांना प्रत्येक घावाला कळत होतं. रेतीत मुद्दाम जास्त सिमेंट घातलं होतं, जन्मभर टिकावं म्हणून. दोन वर्षं ही पोर याच्यावर निजली, आणि वर मी तिच्या खिडक्या लावून घेतल्या. हे मनात आलं की ते जोरात मारायचे, आणि छिन्नी घसरायची.

आठव्या भोकाशी मात्र त्यांचा हात चालेना. ज्ञानदाचा पंजा होता तसाच होता. पाच बोटं, करंगळी जरा वाकडी. त्यांनी त्यात आपली तर्जनी ठेवून पाहिली. तिकडं पोर मास्क लावून पडली आहे आणि इकडं आपण तिच्या हातावर छिन्नी ठेवायची? अभद्र वाटलं. आणि त्याहून अभद्र गोष्ट मनात आली, की उद्या काही झालंच तर तिचा हात म्हणून धरायला एवढंच उरेल. हातोडा मांडीवर ठेवून ते भिंतीला टेकून बसले आणि रडले.

अश्लेषा दुपारी अडीचला पोरीचे कपडे न्यायला आली. सासरे पावसात मातीत बसलेले दिसले तशी ती धावतच आली. "बाबा, काय झालं? पडलात का?"

नंदकुमारांनी सगळं सांगितलं. वारा, ओल, भोकं, डेक्लन काय म्हणाला ते. "पोरी, हे माझ्यामुळं झालंय," ते म्हणाले. "माझ्या हातानं झालंय."

तिनं घराला एक फेरी घातली. परत आली ती आकडा घेऊनच.

"सातच उघडलीत."

"हे आज नको, अश्लेषा. आजचा दिवस नको. तिचा हात आहे गं तो."

"तिचा हात हॉस्पिटलात आहे, बाबा. त्यात सुई खुपसलीय," ती म्हणाली. "हे तुमचं सिमेंट आहे."

असं ती या घरात सून म्हणून आल्यापासून कधी बोलली नव्हती. तिनं त्यांच्या मांडीवरचा हातोडा उचलला. नंदकुमारांनी छिन्नी घेतली आणि तिचं टोक पंजाच्या मधोमध टेकवून दोन्ही हातांनी धरली.

"हात काढा. मला सवय नाही, लागेल तुम्हाला."

"लागू दे. मार तू."

तिनं मारलं. पहिला घाव नीट बसला, दुसराही. तिसरा घसरून त्यांच्या अंगठ्यावर आला. तिनं पाहिलं, रक्त आलेलं पाहिलं. त्यांनी छिन्नी पुन्हा तिथंच टेकवली आणि तिनं पुन्हा मारलं. आता ती रडत होती आणि मारत होती, आणि ते अंगठ्याकडं न बघता धरून होते. सहाव्या घावाला पंजा तळहातावरून तडकला. आधी वाकडी करंगळी पडली, मग तिच्या नावाचा तुकडा, मग सगळंच आत ढासळलं आणि त्या काळ्या भोकातून कोंडलेला वास त्यांच्या तोंडावर आला.

दोघंही जागचे हलले नाहीत. पुढच्या अंगाला वारा सुटला होता. थोड्या वेळानं अश्लेषानं भोकासमोर हात धरला.

"येतोय," ती म्हणाली.

कपड्यांची पिशवी घेऊन ती बाहेर आली तेव्हा नंदकुमार तुकडे गोळा करून जुळवायला बसले होते. "ते राहू द्या तिथंच," ती म्हणाली. "गाडीत बसा. हात फुटला हे तिला तुम्ही सांगायचं. का फुटला तेही. मी सांगणार नाही."

ते रुमालात अंगठा गुंडाळून तिच्या शेजारी बसले. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा, समोर बघतच, ती म्हणाली, "मी निघाले तेव्हा मोजले. अडतीस होते."

"अडतीस," नंदकुमार म्हणाले. सकाळी चाळीस होते. तेवढे कमी झालेले दोन श्वास मनात घट्ट धरून ते हॉस्पिटलच्या दारापर्यंत बसून राहिले.