दुपारच्या झोपेची पाटी

डब्यावरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या माणसाची फुकटात जाहिरात मी का करू? डब्यावर हिरवी पानं, झोपलेलं बाळ आणि 'शंभर टक्के नैसर्गिक, गाढ झोपेसाठी' असं छापलेलं. आत अश्वगंधा आणि जटामांसीच्या कॅप्सूल. असले हजारो डबे आमच्या भिंतीपलीकडेच असतात. नागपूरजवळ वाडीला आमची भाड्याची खोली आहे आणि तिला लागून या डब्यांच्या मालकाचं, मधुसूदन साहेबांचं, गोडाऊन. दिवसभर तिथे ट्रक मागे घेताना किंचाळतात, खोकी आपटतात, शटर खडखडतं. झोपेचं औषध गाडीत चढवताना जेवढा गोंधळ होतो, तेवढा लग्नाच्या वरातीतही होत नसेल.

माझा नवरा प्रीतम नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सची बस चालवतो. रात्रभर स्टिअरिंग, दिवसा झोप. त्याला दिवसा झोप मिळाली नाही, तर रात्री गाडीतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला. इतकी साधी गोष्ट, पण साहेबांच्या डोक्यात शिरत नव्हती.

आम्ही तक्रार केली, तेव्हा साहेबांनी मॅनेजरच्या हातून वस्तीत घरोघरी एकेक डबा पाठवला. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे इंदूबाईंच्या, हातात डबा देऊन फोटोही काढला. पुढच्या वेळी मी भांडायला गेले, तर मॅनेजरने तोच फोटो पुढे केला.

"वहिनी, तुमचं तं सेटलमेंट होऊन गेलं ना. पाहा, काकू कशा हसून राहिल्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो काढणारा 'हसा' म्हणाला, म्हणून हसल्या होत्या त्या.

प्रीतमने बिचाऱ्याने त्या कॅप्सूल खाल्ल्यासुद्धा. औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण कानाशी ट्रक बोंबलत असताना कुठली जडीबुटी काय करणार? गेल्या आठवड्यात त्याचा डोळा लागला आणि बस रस्त्याच्या कडेला गेली. शेजारच्या दुसऱ्या ड्रायव्हरने स्टिअरिंग धरलं म्हणून सगळे वाचले. ट्रॅव्हल्सच्या मालकाने बजावलं, पुन्हा असं झालं तर घरी बस. प्रीतमने हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी तो डबा उचलून उलटासुलटा करून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चटई गुंडाळली, उशी काखेत घेतली आणि डबा पिशवीत टाकला.

"चाल गा प्रीतम. सरिता, ऑटो बोलाव वं."

"कुठं, आई? मले झोपू दे ना." त्याचे डोळे लाल झाले होते.

"झोपालेच नेऊन राहिली तुले."

ऑटो थांबला तो प्रताप नगरात, साहेबांच्या बंगल्यासमोर. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गेटला एक रंगवलेली लाकडी पाटी टांगली होती. सासूबाईंचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मीच वाचून दाखवली. 'दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ. कृपया बेल वाजवू नये.' खाली साहेबांचं नाव. म्हणजे या माणसाला चांगलं ठाऊक होतं झोप कशाने येते ते. लोकांना डबे आणि स्वतःला पाटी.

मी बेलकडे हात नेला. सासूबाईंनी तो धरला.

"राहू दे. पाटीचा मान ठेवू आपण."

गेट उघडून त्या पोर्चमध्ये शिरल्या आणि साहेबांच्या गाडीशेजारी सावलीत चटई अंथरली. प्रीतम ओशाळला. "आई, लोकं काय म्हणतीन?"

"काही म्हणू दे. तू झोप."

तो आडवा झाला. आम्ही दोघी पायरीवर बसलो. परक्या दारात, फरशीवर याला कसली झोप येते, असं मला वाटत होतं. पण बघता बघता तो घोरायला लागला. ना कॅप्सूल, ना काही. मला रडूच आलं. कितीतरी महिन्यांत मी त्याचं घोरणं ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. साहेबांच्या बायको होत्या, चारुशीलाताई. सासूबाईंनी हात जोडून हळूच 'जय भीम' म्हटलं आणि डबा पायरीवर ठेवला.

"ताई, तुमच्या गोडाऊनच्या बाजूले राह्यतो आम्ही. पोरगा रातभर बस चालवते. हे खाऊन त्याले झोप नाही आली. तुमच्या दारात आली."

ताईंनी प्रीतमकडे पाहिलं. आतून पाणी आणलं, आमच्याशेजारी बसल्या आणि हळू आवाजात सगळं विचारून घेतलं. "गोडाऊन माझ्याच नावावर आहे," त्या म्हणाल्या, "पण मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

"नावावर आहे तं माहीत काहून नाही?" मी म्हणाले. मला त्यांचा खरंच राग आला होता. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

चार वाजता साहेब बाहेर आले, चांगले ताजेतवाने होऊन. "हे काय चाललंय? कोण आहे हा?"

"हळू बोला," ताई म्हणाल्या. "झोपलाय तो."

स्वतःच्या घरात हळू बोलायची साहेबांना सवय नसावी. "अगं, पण यांना आपण डबे दिलेत. माझ्याकडे फोटो आहे."

ताई उठल्या. गेटवरची पाटी खिळ्यावरून काढली, आतून मार्कर आणला. 'दुपारी दोन' खोडून 'सकाळी दहा' केलं, 'बेल' खोडून 'हॉर्न'. मग पाटी सासूबाईंच्या हातात दिली.

"ही गोडाऊनच्या शटरला लावा. मॅनेजरला मी आत्ताच फोन करते. माल दहाच्या आत चढेल, नाहीतर चारनंतर."

साहेब रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिले. "आणि इथे? भर दुपारी कोणीही येऊन बेल वाजवेल. मला झोप कशी लागायची?"

ताईंनी पायरीवरचा आमचा डबा उचलला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"शंभर टक्के नैसर्गिक आहे," त्या म्हणाल्या. "रोज दोन घ्या."