रकान्यातली खरूज

आमच्या सत्यशीलेला चपला काढता येत नाहीत, एवढंच. यात शहाण्या माणसांनी अक्कल चालवण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. पण चालवली. सगळ्यांनी चालवली.

पोर सात वर्षांची. जेवताना चपला, झोपताना चपला, न्हाणीतही चपला. वर्गात दाराजवळच बसणार आणि कोणी दार लोटलं की उठून उभी राहणार. दोन वर्षांपूर्वी गावात आम्ही घरातले देव नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, आणि माघातल्या एका दुपारी आमच्या आठही घरांना आग लागली. 'लागली' असंच पंचनाम्यात आहे. पोर अंगणात अनवाणी खेळत होती. आम्ही पळालो ते कापसाच्या पऱ्हाट्या तोडून नेलेल्या वावरातून. बोटाएवढे खुंट, सुरीसारखे तासलेले. माझ्या कडेवर धाकटी होती, म्हणून ही मागून धावत आली. रडली नाही. रडली असती तर मी वळून पाहिलं असतं.

यवतमाळात सिंधी कुटुंबं आली तेव्हा त्यांना निदान निर्वासित म्हणाले. आम्ही याच जिल्ह्यातून याच जिल्ह्यात आलो, लोहाऱ्याच्या वाटेवर खोली घेतली. म्हणून आम्ही निर्वासित नव्हे. नुसते 'आलेले'.

बी.ए.ला माझा मानसशास्त्र विषय होता. लढाईतून पळालेल्या विलायती मुलांवर पुस्तकात अकरा पानं होती. पुस्तक जळालं, पानं पाठ आहेत. ती मुलं दचकतात, दाराकडे पाहत बसतात, एखादी वस्तू हातची सोडत नाहीत. हे सगळं पाठ असलेल्या बाईनं काय करावं? एका दुपारी पोर झोपलेली पाहून तिच्या चपला काढल्या आणि फळीवर ठेवल्या. जागी झाली ती ओरडली नाही. पाय पोटाशी घेतले आणि बसल्या जागी ओली झाली. असं हे माझं बी.ए.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीले बाहेरचं लागलं. उतारा टाक."

"आत्याबाई, आपण देव नदीत सोडले ना?"

"देव सोडले वो. भुतं कोठी सोडले?"

डॉक्टरांनी जीभ पाहिली, पायांकडे पाहिलंच नाही, लाल टॉनिक दिलं. आमच्याच पत्र्याच्या विहारात आमच्यातलेच म्हातारे देवराव वंदनेआधी सगळ्यांदेखत म्हणाले, "शिकेल मायची पोर, अन् भगवंतापुढं चपला? काही वळण लावा." पाटलाच्या दारावरून जन्मभर वहाणा हातात धरून गेलेला माणूस! त्याला एवढ्याशा पायांतल्या चपला खुपल्या.

मग वामनराव हेडमास्तरांनी बोलावलं. "उद्या तपासनीस साहेब येताहेत. वर्गात सरस्वतीची तसबीर आहे. मुलगी चपला काढून बसली तर ठीक, नाही तर नाव कमी करतो."

"तिला भीती वाटते, गुरुजी."

"कशाची? शाळेत वाघ आहे? धर्म बदलला की माज येतो, बाई. लेकरांतही उतरतो."

मी आग सांगितली, वावर सांगितलं, खुंट सांगितले. अडकित्त्यात सुपारी कातरत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नियमात भीती नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धाकटीला सासूबाईंजवळ ठेवून मी शाळेत गेले. वर्गाबाहेर पोरांच्या वहाणा ओळीनं मांडलेल्या. साहेब आले. पायांत करकरणारे बूट. मागून वामनराव, पंपशू घालून. दोघे सरस्वतीपुढे उभे राहिले आणि भक्तिभावानं हात जोडले. बुटांसकट.

मग साहेबांची नजर दाराकडे गेली. "ही चपला घालून कशी?"

"तेच साहेब. आज नाव कमीच करतो."

सत्यशीला उभी राहिली होती. एक पाय उंबऱ्याबाहेर.

मी आत शिरले, चपला घालूनच. "साहेब, आपण बूट काढा. तीही काढेल."

ती काढणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. साहेब काढणार नाहीत, हेही ठाऊक होतं.

मागची पोरं खुसखुसली. साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, शेवटी घड्याळाकडे पाहिलं. "तिच्या... पायाला वगैरे काही आहे का?"

"आहे."

"मग असं म्हणा की! खरूज लिहा, वामनराव. खरजेला सवलत देता येते."

वामनरावांनी हजेरीबुक ओढलं. शेऱ्याच्या रकान्यात टाक चालला: 'पायास खरूज. चपलेस मुभा.' खुंटांसाठी रकाना नव्हता. अकरा पानं पाठ असून मला जमलं नाही ते एका खरजेनं केलं.

घरी आल्यावर पोर ओट्यावर बसून राहिली.

"माय, मले खरूज झाली?"

"तूच पाहा."

बराच वेळ ती रस्त्याकडे पाहत होती. मग तिनं डाव्या पायातली चप्पल काढली. स्वतःच्या हातानं. तळवा मांडीवर घेतला, पांढऱ्या वणांवरून बोट फिरवलं. दारात सासूबाईंनी तोंड उघडलं. मी डोळे वटारले तशा गप्प झाल्या.

"खरूज नाही," पोर म्हणाली. चप्पल पुन्हा पायात गेली.

"अन् दुसरा पाय?" मी विचारलं.

"तो उद्या पाहीन."