पाण्यात घालून बघा

नळदुर्गच्या बाजारात सादिकचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि शरणबसप्पांचं कापडाचं दुकान समोरासमोर होती. पण पंधरा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. सादिक तरुणपणी निजामाच्या फौजेत वायरलेसवर होता. फौज मोडली, तो गावी आला आणि त्याच महिन्यात शरणबसप्पांनी पोलिसांच्या कानात घातलं की, ह्याच्या घरात वायरलेस आहे, हा चोरून बातम्या धाडतो. झडतीत निघाला तो गाणी ऐकायचा साधा रेडिओ. पण तेवढं सिद्ध व्हायला अकरा महिने लागले. ते अकरा महिने सादिक कोठडीत होता. त्याची आई गेली ती त्याच काळात. तिला माती द्यायलाही त्याला कुणी सोडलं नाही.

त्रेसष्ट सालच्या जूनमध्ये हायस्कुलात विज्ञान शिकवायला सोलापूरहून शिवकांताबाई आल्या. गावातली जुनी उणीदुणी त्यांना ठाऊक नव्हती. एका दुपारी त्या सादिकच्या दुकानात आल्या.

"सादिकमियां, शरणबसप्पांच्या घरात सात वर्षांपूर्वी एक इंजिनिअर भाड्यानं राहायचे ना, त्यांनी विलायतेहून आणलेली एक शिडाची होडी मागं राहिलीय. एवढी, दीड हाताची. काठावरून बटण दाबलं की रेडिओच्या लहरींनी तिचं सुकाणू वळतं म्हणे. शाळेसाठी घ्यायचा विचार आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही बघून सांगाल?"

सादिकनं पेचकस खाली ठेवला. समोर बघायचं त्यानं टाळलं.

"त्यांच्या उंबऱ्यावर म्या जाणार न्हाय. होडी शाळेत आणा. आन् एक ध्यानात ठिवा, बाई. जुनी होडी रंगावर जाऊन घेऊ नये. आधी उचलून बघावी. लाकूड पाणी प्यालं असंल तर वजन सांगतं. बॅटरीच्या खणात हिरवी बुरशी हाय का बघावं. आन् तासभर पाण्यात घातल्याबिगर तर हात लावू नये."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर होडी टेबलावर होती. पांढरं शीड, निळा रंग, तळाला शिशाचं वजन लावलेली लाकडी पात. बाजूला लहरी सोडणारी पेटी. शरणबसप्पा खुर्चीत पाय पसरून बसले होते.

सादिकनं पेटी उघडली, नव्या बॅटऱ्या जोडल्या, बटण दाबलं. होडीच्या पोटात कट्‌ आवाज झाला आणि सुकाणू वळलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा वळलं. पंधरा वर्षं त्यानं लहरी सोडणाऱ्या यंत्राला बोट लावलं नव्हतं. क्षणभर तो समोरच्या माणसाला विसरला.

"संच झकास हाय," तो म्हणाला.

मग त्यानं होडी उलटी केली. पात जिथं बुडाला जोडली होती तिथला रंग बाकीच्यापेक्षा नवा होता. त्यानं नख रेटलं, तर ते रुतलं.

"हितं फुटलीय. वरनं मेण भरून रंग दिलाय. हौदात सोडा, कळंल."

"हौदात बिदात काही सोडायचं न्हाय," शरणबसप्पा उठले. "नवरी बघायला आल्यावर तिला न्हाऊ घालून बघतात का? बाई, हा माणूस माझा वैरी हाय. पंधरा वर्षांचं इख आज ओकायला लागलाय."

बाईंनी सादिककडं पाहिलं. "खरंय का हे?"

"वैर हाय, ते खरं," सादिक म्हणाला. "बुडाला भोक हाय, तेबी खरं."

मग तो बाईंकडंच बघत बोलत राहिला. "ह्यांना इचारा, ह्या पेटीच्या परवान्याचा कागद कुठाय. लहरी सोडणारं यंत्र बिनपरवान्याचं घरात ठिवणं गुन्हा हाय. सात वर्षं ह्यांच्या माडीवर हाय हे. मला ज्यापायी आत घातलं, ते माझ्या घरात नव्हतं. ह्यांच्या घरात हाय."

शरणबसप्पांचा चेहरा उतरला.

"म्या खबर देणार न्हाय," सादिक म्हणाला. "कोठडी कशी असती ते मला ठावं हाय. पण शाळेनं आधी परवाना काढावा, मगच बटण दाबावं."

एवढं बोलून तो निघून गेला.

बाईंनी परवान्याचं ऐकलं. शाळेच्या नावानं अर्ज केला. भोकाचं मात्र ऐकलं नाही. त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, तर त्यांनी समजावलं की, सादिक तोंडाचा कडू आहे, शरणबसप्पांचं नाव निघालं की त्याला चांगलं काही दिसत नाही. होडी घेतली गेली.

दिवाळीनंतर परवाना आला. किल्ल्याच्या बंधाऱ्यावर सगळी शाळा जमली. होडी वाऱ्यावर सुरेख निघाली, बटणासरशी वळली, पोरांनी टाळ्या पिटल्या. मग तिचं नाक खाली झुकायला लागलं. शीड आडवं झालं आणि काठापासून वीसेक हातांवर होडी बुडाली.

"त्यानंच नखानं भोक पाडलं," शरणबसप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाईंच्या डोळ्यांदेखत पाडलं."

सादिक गर्दीच्या मागं उभा होता. त्यानं चपला काढल्या आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरला. छातीइतक्या पाण्यात पायानं चाचपून त्यानं होडी वर काढली, काठावर आणली आणि ओली पात धरून हिसडली. ती मुळासकट निघाली. भोकात डांबरात भिजवलेला गोणपाटाचा बोळा कोंबला होता. त्यानं तो ओढून हेडमास्तरांच्या हातावर ठेवला.

"नखानं गोणपाट भरता येत न्हाय."

शरणबसप्पा काहीतरी पुटपुटले आणि छत्री उचलून चालू लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

"सादिकमियां, दुरुस्त होईल का हो?" बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"व्हईल. पण म्या शाळेत येणार न्हाय. तुमी मला इचारलं, आन् मग माझ्याबद्दल दुसऱ्याला इचारलं. दुकानात या." होडी काखेत मारून तो निघाला.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. सादिकनं आधी एका ट्रक ड्रायव्हरचा रेडिओ पुरा केला. बाई तासभर स्टुलावर बसून राहिल्या, पण उठून गेल्या नाहीत. मग त्यानं होडी त्यांच्याच हातात दिली, नवी बसवलेली पात दाखवली आणि मागच्या अंगणातल्या हौदाकडं बोट केलं.

"माझ्याबी शब्दावर घेऊ नका," तो म्हणाला. "स्वतः घालून बघा."

बाईंनी बाह्या वर सारल्या आणि हौदाच्या कडेला बसल्या. समोरच्या दुकानात शरणबसप्पा गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगत होते की, सादिककडं रेडिओ देऊ नका, तो आतला माल बदलतो. सादिकनं ऐकलं आणि पुढचा रेडिओ उघडला.