मुदत संपलेली हिरवी पुडी

देवळासमोर ट्रकवरचा रंगमंच उभा राहिला, बाहुल्यांचे झगे झटकून झाले, आणि नेमका तेव्हाच संगणक रुसून बसला. काळ्या स्क्रीनवर पांढरे ठिपके गोल गोल फिरायचे, यंत्र बंद पडायचं, आपलं आपण सुरू व्हायचं, आणि पुन्हा तेच ठिपके. घाण्याच्या बैलासारखं.

सगळे जेवायला बसले असताना अपडेट सुरू झाला होता. बराच वेळ काही हलेना, म्हणून यूछानने सरळ वायर उपटली.

"टीव्ही अडकला की बाबा हेच करायचे," ती थ्येनलूला म्हणाली.

"टीव्ही गरीब असतो गं, सहन करतो," थ्येनलू म्हणाला. "अपडेट अर्धा चढलाय, अर्धा बाहेर लोंबतोय. ना घर का ना घाट का."

थ्येनलूचं हूवेइ गावच्या बाजारात दुरुस्तीचं दुकान होतं. यूछान हातबाहुल्यांचा फड चालवायची, तिच्या वडिलांचाच. ते जाऊन तीन वर्षं झाली, पण खेळात आवाज अजून त्यांचाच होता. राजा, चेटकीण, तोतरा शिपाई, रडकी सून, सगळे त्यांच्या एकट्याच्या गळ्यातून निघालेले. यूछान नुसती बोटं नाचवायची. तो सगळा आवाज या एका डब्यात होता, दुसरी प्रत कुठेच नव्हती. आज देवाचा वाढदिवस. समोर माणसं नसली तरी चालतं, देव बघतो. पण मुका खेळ देवाला दाखवायचा कसा?

"थ्येनलूदादा, आवाज गेला नसेल ना रे?"

"आधी बघू तर दे." तो वाकला आणि थबकला. यंत्रावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी होती, उन्हाने पार विटलेली. "ही कधीची?"

"बाबांनी ठेवलेली."

"अगं, हिची मुदत कधीच संपलीय! आणि तू अपडेटला शिव्या घालतेस?"

थ्येनलू शिकलासवरलेला माणूस. पण त्यांच्या बेटावर बँक असो नाहीतर इस्पितळ, यंत्रावर हिरवी पुडी ठेवल्याशिवाय कोणी निर्धास्त बसत नाही. खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' असं. रंग हिरवाच हवा, आणि मुदत संपायच्या आत पुडी खाऊन नवी ठेवायची, नाहीतर यंत्र माजतं म्हणतात. लोक यावर हसतात, पण पुडी उचलत कोणी नाही.

"नवी आणलीय मी. ही टाकून देतो."

"हात लावू नकोस." यूछानचा आवाज चढला. "त्यांनी ठेवलेलं आता एवढंच उरलंय."

थ्येनलूने हात मागे घेतला. पेन ड्राइव्ह लावून त्याने यंत्र दुसऱ्या वाटेने सुरू केलं आणि अर्धवट चढलेला अपडेट काढून टाकायला घेतला. एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. वाट बघण्याखेरीज हातात काही नव्हतं.

"दुकानाची मागची खोली आठवते?" तो म्हणाला.

न आठवायला काय झालं! भिंतींना गोधड्या लावलेल्या, रेकॉर्डिंगमध्ये आवाज घुमू नये म्हणून. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद. बाबा बनियनवर बसून रडक्या सुनेचं रडायचे, आणि थ्येनलू तोंडात रुमाल कोंबून हसू दाबायचा. यूछान दाराशी चहाची किटली घेऊन उभी, घामाने चिंब. त्या उकाड्यासाठी आज तिचा जीव तुटत होता.

पट्टी भरली. यंत्र बंद झालं, सुरू झालं. ठिपके फिरले आणि थांबले, आणि स्क्रीनवर बाबांचा फोटो आला. यूछान स्क्रीनजवळ सरकली.

"आवाज लावून बघ," ती कशीबशी म्हणाली.

थ्येनलूने खेळ न उघडता त्यामागची कच्ची फाईल उघडली, कापाकापी करायच्या आधीची. आधी खोकला ऐकू आला, मग पंख्याची घरघर.

"थ्येनलू, पंखा बंद कर. यूछान, पुडीची तारीख बघितलीस का? संपत आली असेल तर खाऊन टाका दोघं. जपून ठेवायला ती काय सोन्याची आहे?"

"बघते, बाबा," एक कोवळा आवाज कंटाळून म्हणाला.

"बघते नको. बघ."

पुढे राजा बोलू लागला. थ्येनलूने घाईने दुसरीकडे मान वळवली. यूछानला रडू आवरेना, आणि रडता रडता तिने पुडी उचलली, फोडली, मूठभर खाऊ त्याच्या हातावर ठेवला.

"मऊ पडलाय," तो चावत म्हणाला.

"खा मुकाट्याने. बाबांनी सांगितलंय."

दोघांनी पुडी संपवली. थ्येनलूने पहिल्यांदा आवाजाची प्रत काढली, मग यंत्रावर नवी हिरवी पुडी ठेवली. बाहेर झांज वाजली. यूछानने राजा हातावर चढवला, आणि पडद्याकडे जाण्याआधी वाकून नव्या पुडीवरची तारीख वाचली.

"बघितली, बाबा," ती म्हणाली.