बरणीच्या गळ्यातली चिठ्ठी

'यात मध आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये.'

दोनच वाक्यं. जर्मन भाषेत, जांभळ्या शाईनं, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलेली. तो तुकडा सुतळीनं माझ्या गळ्यात बांधलेला असे आणि मला तो मुळीच आवडत नसे. माझ्या पोटावरचं निळं फूल त्याच्यामागे झाकून जायचं. ज्या दिवशी ती सुतळी कापली गेली, त्या दिवशी मला मोकळं वाटलं. मित्रांनो, त्या मोकळं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

मी एक जुनी सिरपची बरणी आहे. जर्मनीत आखन नावाचं शहर आहे, त्याच्या जवळच्या एका कुंभारगावात माझा जन्म झाला. कुंभारानं मला चाकावर घडवलं, पोटाला एक लहानशी तोटी जोडली आणि भट्टीत ठेवलं. भट्टी लाल झाली की आमच्याकडचे कुंभार आत मूठमूठ मीठ टाकतात. त्या मिठाची वाफ अंगाला बसते आणि काचेसारखी झिलई चढते. चटका फार बसतो, पण त्यानंतर आम्हांला आंबट, गोड, कडू काहीच बाधत नाही. आत जे भरतील ते आम्ही जसंच्या तसं सांभाळतो. चांगलंही आणि वाईटही.

मला हेझल नावाच्या बाईंनी विकत घेतलं. त्या मूळच्या इंग्लंडच्या, लग्न होऊन आखनला आलेल्या. उन्हाळ्यात जर्मनीत गावोगावी जुन्या काळासारखे बाजार भरतात. लोक पायघोळ झगे घालून येतात, लोहार लोखंड ठोकतो, कोणी बासरी वाजवतो. तिथे हेझलबाई पाचसहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली सिरपं मांडून बसत. त्या सांगत, "तेव्हा वैद्य आणि स्वयंपाकी, दोघांच्या फळीवर एकच बरणी असायची. ताप आला की जांभळ्या व्हायोलेट फुलांचं सिरप. खोकला झाला की ज्येष्ठमधाचं. आणि सणाच्या दिवशी तेच गोड सिरप, त्यात आलं, दालचिनी आणि वाइन घालून नासपतीवर किंवा मांसावर ओतायचं." साखर दूर अरबांच्या देशांतून यायची आणि औषधाच्या दुकानात तोळ्यानं विकली जायची. ज्यांना ती परवडत नसे, ते मध वापरत. हेझलबाईही मधच वापरत. वीस वर्षं मी त्यांच्या टेबलावर मधोमध बसले. लोक माझी तोटी पाहून कौतुक करत आणि मी फुगत असे.

सन २०१५च्या सप्टेंबरात सुनेत्रा आमच्यापुढे येऊन उभी राहिली. ती पुण्याची, फार्मसी शिकलेली. तिचा नवरा श्रीनाथ आखनमध्येच गाड्यांच्या इंजिनांवर काम करायचा. तिला माझं निळं फूल आवडलं. माझ्यात तेव्हा ज्येष्ठमधाचं सिरप भरलेलं होतं. हेझलबाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं.

"बाळ कधी?"

"फेब्रुवारीत."

"मग ही चिठ्ठी तुझ्यासाठीच आहे. नीट वाच. त्या काळी किती बाळं गेली आणि का गेली, हे कुणी लिहूनसुद्धा ठेवलं नाही. म्हणून मी लिहिते."

सुनेत्रा हसली. "अहो, बाळ अजून जगात यायचंय आणि तुम्ही त्याच्या खोकल्यापर्यंत पोचलात!"

हेझलबाई हसल्या नाहीत.

घरी आल्यावर सुनेत्रानं माझ्यातलं सिरप घालून नासपती शिजवल्या. श्रीनाथनं एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाला, "हा तर आपला मोरंबा, फक्त दारू पिऊन आलाय." दोघं खूप हसली. ओतताना चिठ्ठीवर ओघळ आला आणि ती चिकट झाली. सुनेत्रानं कात्रीनं सुतळी कापली. चिठ्ठी पुसली आणि पाककृतींच्या वहीत, नासपतीच्या पानावर खूण म्हणून ठेवून दिली. वही बंद झाली.

फेब्रुवारीत अन्वी आली. आता सुनेत्रा प्रत्येक गोष्टीला घाबरू लागली. दूध किती प्यायलं, शी किती वेळा झाली, शिंका किती आल्या, सगळं ती एका वहीत लिहायची. बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या जर्मन सुईणबाईंनी सांगितलं, "मध नको. एक वर्ष अजिबात नको. मधात एका जंतूचं बीज असतं. मोठ्यांना काही होत नाही, पण लहान बाळाच्या पोटात ते रुजतं आणि विष तयार होतं. उकळूनही ते बीज मरत नाही." सुनेत्रानं त्याच दुपारी मधाची बाटली शेजाऱ्यांना देऊन टाकली. मी त्याच फळीवर, चार बोटांवर होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मनात मी केव्हाच खोकल्याचं औषध झाले होते.

जूनमध्ये मिरजेहून श्रीनाथची आई, कुंदाआजी आल्या. विधवा, एकट्या राहणाऱ्या, बोलक्या. त्यांच्या पिशवीतून सहाण निघाली, बाळगुटीचा डबा निघाला. "विमानतळावर विचारलं असतं तर सांगणार होते, लाकडं आहेत म्हणून," त्या म्हणाल्या.

"आई, गुटी थोडी उगाळा, मी नाही म्हणत नाही," सुनेत्रा म्हणाली. "पण मध एक थेंबही नको हं. इथे डॉक्टर फार ओरडतात."

"बरं बाई. श्रीनाथला मधातच चाटवली होती, तो बघ केवढा झालाय. पण तू म्हणशील तसं."

आणि मित्रांनो, त्यांनी शब्द पाळला. मी रोज पाहत होते. त्या गुटी आईच्या दुधात उगाळायच्या.

जुलैत कुंदाआजींचा घसा बसला. त्यांनी मला खाली काढलं. "सुनेत्रा, अगं, ह्यात काय आहे?"

सुनेत्रा अन्वीचे कपडे वाळत घालत होती. तिनं मान वळवली नाही. "ते ज्येष्ठमधाचं सिरप. खोकल्यावर छान असतं. घ्या ना तुम्ही."

आजींनी घेतलं. दोन दिवसांत त्यांचा घसा सुटला. मग अन्वीला खोकला झाला. ज्येष्ठमध तर गुटीतही असतोच. शिवाय माझी तोटी पाहून आजी आधीच म्हणाल्या होत्या, "हे तर आपल्या बोंडल्यासारखंच की!" बोंडलं म्हणजे बाळाला दूध पाजायचं तोटीचं भांडं. सकाळी सुनेत्रा आंघोळीला गेली की आजी माझ्या तोटीतून एक थेंब बोटावर घेत आणि अन्वीला चाटवत. लपवून नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. असे नऊ दिवस गेले. त्या थेंबात काय आहे, हे सांगणारी चिठ्ठी वहीत होती, आणि मला तोंड नव्हतं, तोटी होती.

आधी अन्वीला चार दिवस शी झाली नाही. मग तिचं रडणं बारीक झालं, भिंतीपलीकडून आल्यासारखं. पापण्या अर्ध्यावर थांबू लागल्या. दूध ओठांच्या कडेनं परत येऊ लागलं. सुनेत्रानं तिला उचललं तेव्हा मान मागे कलंडली. "श्री, हिची मान बघ. कालपर्यंत धरत होती ना ही? श्री, बघ ना!"

ती तिघं इस्पितळात गेली. आजी मागे राहिल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहून स्तोत्र म्हणत राहिल्या. पुढचं मी नंतर तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. अन्वीला श्वास घेता येईना. नळी घातली. यंत्र लावलं.

डॉक्टरांनी विचारलं, "मध दिला होता?"

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "घरात मधच नाही. मी स्वतः काढून टाकला."

तीन दिवस डॉक्टर इतर कारणं शोधत राहिले. चौथ्या दिवशी कुंदाआजीही इस्पितळात होत्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, चहा, काढा, सिरप, काही घरगुती? त्या लांबलचक वाक्यातला एकच शब्द आजींना कळला.

"सिरप? ते दिलं ना मी. खोकल्याचं."

तासाभरात श्रीनाथ घरी येऊन मला पिशवीत घालून घेऊन गेला. म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. इस्पितळाच्या पांढऱ्या बोळात तो आईवर ओरडला.

"आई, तुला किती वेळा सांगितलं होतं, मध नको!"

"मध नव्हता रे तो. ज्येष्ठमध होता. सुनेत्रा, सांग ना गं. तूच म्हणालीस ना?"

सुनेत्रानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्याकडे, जिथे सुतळीची खूण अजून होती. तिला चिठ्ठी आठवली होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आजी वाट पाहत होत्या.

सुनेत्रा वळली आणि अन्वीच्या खोलीकडे निघून गेली.

अन्वीच्या शीत विष सापडलं आणि माझ्या सिरपात त्याचं बीज. दुरून औषध मागवलं गेलं. आजींचं परतीचं तिकीट अलीकडे आणलं. निघताना त्यांनी अन्वीला काचेतूनच पाहिलं. आत येऊ का, असंही त्यांनी विचारलं नाही.

अन्वी वाचली. पाच आठवडे ती इस्पितळात होती. नळी निघाली, मग हळूहळू पापण्या उघडल्या, मग मान धरली. मला रिकामी करून, धुऊन परत दिलं. श्रीनाथनं मला तळघरात, सायकलींच्या मागे ठेवलं. "फेकून दे," सुनेत्रा म्हणाली होती. त्याला जमलं नाही.

तीन वर्षं मी अंधारात होते. अन्वीची हाक ऐकू यायची. ती आता धावते, आणि मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देते. कधी सायकल काढताना त्या दोघांचं बोलणं कानावर पडायचं. मिरजेत शेजारच्या वीणाला बाळ झालं तेव्हा कुंदाआजी बारशाला गेल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि परत आल्या. त्यांनी बाळाला हात लावला नाही. व्हिडिओ कॉलवर त्या फोन असा धरतात की फक्त छत दिसतं. "वय झालं तिचं," श्रीनाथ म्हणायचा. सुनेत्रा सायकलीत हवा भरत राहायची.

गेल्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, सुनेत्रा जुनी पुस्तकं ठेवायला तळघरात आली. अन्वी मागोमाग होती. खोक्यातून ती पाककृतींची वही घसरली आणि चिठ्ठी खाली पडली.

"मम्मा, वास इस्त दास?" अन्वीनं विचारलं. हे काय आहे?

सुनेत्रा फरशीवरच बसली. मग तिनं श्रीनाथला हाक मारून खाली बोलावलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"ही त्या बरणीची आहे. मी कापली होती, श्री. आई खरं बोलत होत्या. मीच त्यांना सांगितलं होतं, ज्येष्ठमधाचं आहे म्हणून."

त्यानं चिठ्ठी वाचली. उलटी करून पाहिली. "मी तिला काय काय बोललो, सुनेत्रा," तो म्हणाला. मग म्हणाला, "फोन कर. तूच कर."

तळघरात फोन लागत नाही. जिन्यावर जाऊन तिनं लावला. वाजत राहिला. संध्याकाळी लावला, रविवारी लावला. वीणा बाळाला घेऊन माहेरी गेली आहे. आज मंगळवार आहे. फोन नुसता वाजतो.

सुनेत्रानं मला वर आणलं आहे. मी पुन्हा खिडकीत आहे, रिकामी, आणि चिठ्ठी नव्या सुतळीनं माझ्या गळ्यात बांधलेली आहे. माझं फूल झाकलं गेलं आहे. झाकलेलंच राहू दे. मित्रांनो, कुणी काही लिहून गळ्यात बांधलं असेल तर ते कापू नका, आणि कापलंच तर निदान घरातल्या सगळ्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा.

आणि तुमच्यापैकी कोणी मिरजेत राहत असेल, तर माझं एक काम करा. स्टेशनाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, हिरव्या दाराचं घर आहे. बेल वाजवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा वाजवा, लगेच परत फिरू नका. त्या हळू चालतात. दार उघडलं तर त्यांना सांगा, तुम्ही दिलेला शब्द पाळला होता, आजी. चिठ्ठी आमच्याकडे होती.

आणि दार उघडलं नाही, तर कृपा करून आत जाऊन बघा.